ट्रकमध्ये २२ किलो गांजा, चालक आणि क्लीनर अटकेत: बचाव कुठून उभा करायचा?

प्रश्न: दिवाणी_बाजू

विशाखापट्टणमहून पुण्याकडे येणारा मालाचा ट्रक सोलापूर जिल्ह्यात महामार्गावर थांबवला. पोत्यांच्या मागे खाकी टेप गुंडाळलेली ११ पाकिटं मिळाली. पंचनाम्यात वजन २२.४ किलो गांजा. चालक आणि क्लीनर दोघांवर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम ८(क), २०(ब) आणि २९. प्रत्येक पाकिटातून २४ ग्रॅमचे नमुने जागेवरच काढले आहेत. अंगझडतीआधी कलम ५० ची समज (दंडाधिकारी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क) दिल्याचं कागदावर कुठेच नाही. एवढ्यावर जामीन मागता येईल का? कलम ३७ (जामिनावरचं बंधन) आडवं येईल का? आणि ट्रकमालक विचारतो आहे की गाडी कधी सुटेल.

उत्तर: सत्र_खटले

साहेब, कलम ५० वर भिस्त ठेवू नका. ते फक्त अंगझडतीला लागू होतं. गाडी, पोतं, बॅग यांना नाही. बलजिंदर सिंग (२०१९) निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की अंगझडतीत कलम ५० मोडलं तरी गाडीतली जप्ती त्यामुळे रद्द होत नाही.

आधी वजन बघा. गांजाची व्यावसायिक मात्रा २० किलोच्या वर. तिथे शिक्षा १० ते २० वर्षं, दंड १ ते २ लाख, आणि कलम ३७ च्या दोन अटी. म्हणजे सरकारी वकिलांना विरोधाची संधी द्यायची, आणि त्यांचा विरोध असेल तर आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, शिवाय तो जामिनावर असताना गुन्हा करणार नाही, याबद्दल न्यायालयाचं समाधान व्हायला हवं. २० किलो किंवा खाली, पण १ किलोच्या वर असेल तर शिक्षा कमाल १० वर्षं, आणि कलम ३७ च्या त्या अटी लागत नाहीत. तुमचं प्रकरण रेषेच्या फक्त २.४ किलो वर आहे.

२२.४ किलो हे पॅकिंगसकट वजन आहे की निव्वळ? पाकिटामागे प्लास्टिक आणि टेप १०० ग्रॅम धरलं तरी ११ पाकिटांचं १.१ किलो जातं. पुढे व्याख्या. कलम २ प्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. बिया आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजा नाहीत. पंचनाम्यात ‘पानं, फुलं, काड्या, बिया असलेला हिरवट पाला’ असं लिहून सगळं एकत्र तोललं असेल तर तोच तुमचा जामिनाचा मुख्य मुद्दा. सरकार पक्ष हिरा सिंग (२०२०) दाखवेल. तो निकाल अमली पदार्थात तटस्थ पदार्थ मिसळल्यावर एकूण वजन धरण्याबद्दल आहे. मुळात गांजा कशाला म्हणायचं हा प्रश्न वेगळा, हे अर्जातच मांडा. शेंड्यांसोबतची पानं वजनात धरली जातील, हेही लक्षात ठेवा. फक्त ‘पानं वगळा’ म्हणून भागणार नाही.

कलम ४२ (वॉरंटशिवाय झडती): खबर आधी मिळाली होती का? असेल तर ती लेखी नोंदून ७२ तासांत वरिष्ठांकडे प्रत जायला हवी. करनैल सिंग (२००९): उशीर समजावता येतो, पूर्ण अभाव चालत नाही. सार्वजनिक जागी किंवा सार्वजनिक वाहनात ४२ ऐवजी कलम ४३ लागतं, पण बूटा सिंग (२०२१) मध्ये खाजगी गाडी ‘सार्वजनिक वाहन’ ठरली नाही आणि आरोपी सुटले. म्हणून आरसीवर गाडीचा वर्ग पाहा. ठरलेल्या नाकाबंदीत अचानक सापडलं असेल तर मात्र ४२ चा मुद्दा उभा राहत नाही.

उत्तर: मुद्देमाल_नोंदवही

नमुन्यांबद्दल. कलम ५२अ आणि २०२२ चे नियम यांप्रमाणे यादी, फोटो आणि नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर. जागेवर नमुने काढल्यामुळे सिमरनजीत सिंग (२०२३) मध्ये सरकार पक्षाच्या केसवर शंका निर्माण झाली आणि आरोपी सुटला. पण भरत आंबाळे (जानेवारी २०२५) निकालानंतर नुसत्या ५२अ च्या चुकीने खटला पडत नाही. बाकी पुरावा खात्रीचा असेल तर शिक्षा टिकते. त्यामुळे साखळी तपासा: लाखेच्या सीलचा ठसा पंचनाम्यात आणि सीए (रासायनिक विश्लेषक) अहवालात एकच आहे का, मुद्देमाल रजिस्टरची नोंद कोणत्या वेळची, माल ठाण्यात किती दिवस पडून होता, प्रयोगशाळेत कोणी नेला, पोचपावतीवर नमुन्याचं वजन किती. २४ ग्रॅम पाठवले आणि अहवालात १९ ग्रॅम आले, तर त्याचं उत्तर सरकार पक्षानेच द्यायचं.

१ जुलै २०२४ नंतरची जप्ती असेल तर बीएनएसएस (नवी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १०५ प्रमाणे व्हिडिओ चित्रण हवं. त्याची प्रत मागा. पंच किती वाजता आले आणि वजनकाटा कुठून आणला, हे त्यातच कळतं.

नमुन्याच्या फेरतपासणीसाठी अर्ज अहवाल मिळाल्यापासून १५ दिवसांत, आणि तोही अपवादात्मक परिस्थितीत (थाना सिंग, २०१३).

उत्तर: सत्र_खटले

एक गोष्ट राहिली, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. ‘ट्रकमध्ये काहीच नव्हतं’ आणि ‘होतं पण माहीत नव्हतं’ हे दोन्ही बचाव एकाच आरोपीसाठी घेऊ नका. पहिल्या जामीन अर्जातलं वाक्य खटल्यात समोर येतं. कलम ३५ (जाणीव होती) आणि ५४ (ताबा म्हणजे गुन्हा) ही गृहीतकं आरोपीविरुद्ध आहेत. आधी ताबा सरकार पक्षाने सिद्ध करायचा, पण तो झाला की जाणीव नव्हती हे तुम्हाला वाजवी शंकेपलीकडे दाखवावं लागतं. म्हणून कागद हवेत: बिल्टी, ई-वे बिल, माल कोणी भरला, ताडपत्री कोणी बांधली, फास्टॅगच्या वेळा, जीपीएस, सीडीआर (मोबाइल कॉलच्या नोंदी). टोल आणि पेट्रोल पंपाचं सीसीटीव्ही लवकर पुसलं जातं. ते जपण्यासाठी बीएनएसएस कलम ९४ चा अर्ज याच आठवड्यात द्या.

आणि दोघांचं वकीलपत्र एकाने घेऊ नये. क्लीनरचा ताबा चालकापेक्षा कच्चा असतो, त्यांचे बचाव एकमेकांविरुद्ध जाऊ शकतात. पैसे नसतील तर कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, हेल्पलाइन १५१००.

दिवाणी_बाजू

वजनाचा मुद्दा लक्षातच आला नव्हता, आभार. क्लीनरसाठी वेगळा वकील पाहतो. सहआरोपीच्या कबुलीवर मालकाचंही नाव येतंय, आणि दोषारोपपत्राची मुदत?

उत्तर: बिल्टी_आणि_बेल

पोलिसांसमोरची कबुली पुरावा नाही, आणि एनसीबीसारख्या केंद्रीय अमली पदार्थविरोधी यंत्रणेने कलम ६७ खाली घेतलेलीही नाही (तोफान सिंग, २०२०). मालकावर कलम २५ लावायचं तर त्याने जाणूनबुजून गाडी दिली हे दाखवावं लागतं.

ट्रकसाठी विशेष न्यायालयात सुपूर्दनाम्याचा (गाडी तात्पुरती ताब्यात मिळण्याचा) अर्ज करा. विश्वजित डे (जानेवारी २०२५) नुसार एनडीपीएसमध्ये गाडी अंतरिम सोडायला सरसकट बंदी नाही. कर्जाचे हप्ते, आरसी, विमा आणि मालक आरोपी नसल्याचं दाखवा. पुढे गाडी सरकारजमा होऊ नये यासाठी कलम ६०(३) प्रमाणे काय खबरदारी घेतली होती हे सिद्ध करावं लागतं. चालकाची पडताळणी आणि लायसन्सची प्रत आत्ताच गोळा करून ठेवा.

व्यावसायिक मात्रेत दोषारोपपत्राची मुदत १८० दिवस, रिमांडचा पहिला दिवस धरून. वाढ एक वर्षापर्यंत मिळते, पण सरकारी वकिलांचा स्वतःचा, कारणांसहित अहवाल हवा आणि आरोपीला न्यायालयासमोर हजर ठेवायला हवं (जिगर, २०२२). मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही तर १८१ व्या दिवशी न्यायालय उघडताच त्या कारणावर जामिनाचा अर्ज द्या आणि शिक्क्यावर वेळ लिहून घ्या. दोषारोपपत्र अर्जाआधी दाखल झालं तर हा हक्क गेला.