‘आवर्ती नवतारा’ की ‘पुनरावर्ती नवतारा’?

डिचोलीहून प्रश्न: शाळेच्या खगोल मंडळासाठी टिपण लिहिते आहे. एकदा उजळून मंदावलेला नवतारा काही वर्षांनी परत उजळला, तर त्याला ‘आवर्ती नवतारा’ म्हणावं का? दशांशातलं ‘अखंड आवर्ती’ मुलांच्या ओळखीचं आहे.

फोंड्याहून: ताई, तीच ओळख इथे आड येते. ‘आवर्ती’ म्हटलं की ठरलेलं अंतर आलं. घुमट आरतीत वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, आवर्तन म्हणजे मोजून तेवढ्याच मात्रा आणि मग सम. हे तारे सम पाळत नाहीत. भुजंगधारी तारकासमूहातल्या आरएस ऑफियुकीच्या उद्रेकांच्या निश्चित नोंदी बघा: १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६, २०२१. मधली अंतरं ३५, २५, ९, १८, २१ आणि १५ वर्षं! असा नवतारा म्हणजे जोडी असते: श्वेतबटू, म्हणजे जळून उरलेला लहानसा घट्ट तारा, शेजारच्या राक्षसी, म्हणजे फुगलेल्या ताऱ्याचा हायड्रोजन ओढत राहतो, थर पुरेसा साचला की तळाशी अणुसंमीलन (अणुकेंद्रं जुळणं) भडकतं. परत होणार एवढं नक्की, कधी ते नाही. ‘पुनरावर्ती’ नेमकं तेवढंच सांगतो.

डिचोली: आणि ‘स्फोट’ की ‘उद्रेक’?

फोंडा: उद्रेक. वरचा थर उडतो, तारा शाबूत राहतो आणि पुन्हा साचवायला लागतो. ‘स्फोट’ अतिनवताऱ्यासाठी, म्हणजे सुपरनोव्हासाठी राखून ठेवा.

म्हापशाहून: मला ‘वर्णपट’ खटकायचा. वर्ण म्हणजे रंग, मग रेडिओ लहरींना कसला रंग? पण ‘विद्युतचुंबकीय वर्णपट’, म्हणजे रेडिओ लहरींपासून गॅमा किरणांपर्यंतचा सगळा पट्टा, आता रुळलाय, आणि या ताऱ्यांसाठी तो अख्खा लागतो. उडालेला वायू राक्षसी ताऱ्याभोवतीच्या वायूवर आदळतो, त्या धक्क्यातून क्ष-किरण निघतात. २०२१ साली नामिबियातल्या हेस आणि ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक दुर्बिणींना आरएस ऑफियुकीचे अतिऊर्जावान गॅमा किरणही मिळाले. २००६च्या उद्रेकात तर आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने त्याच्या १.४ गिगाहर्ट्‌झखालच्या रेडिओ लहरी पहिल्यांदा टिपल्या. नुसत्या दृश्य प्रकाशात बघणाऱ्याच्या हाती यातलं काहीच लागत नाही. एक विनंती, अशा निरीक्षणाला ‘बहुतरंगी’ म्हणू नका, मराठीत तरंगी माणूस वेगळाच असतो. ‘अनेक तरंगलांबींतलं निरीक्षण’ लांब आहे, पण अर्थ चुकत नाही.

डिचोली: पटलं. तरी एक शंका. उत्तर मुकुट तारकासमूहातला टी तारा १८६६ला उजळला आणि मग १९४६ला. बरोबर ८० वर्षं. निदान त्याला तरी ‘आवर्ती’ म्हणता येईल?

फोंडा: दोन सालांमधून अंतर एकच मिळतं, ताई. तेवढ्यावरून ताल कसा ओळखणार? त्यालाही ‘पुनरावर्ती’च लिहा, आणि मुलांना तो मुकुट आकाशात दाखवून ठेवा. एरवी तो तारा दहाव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा लहान तितका तारा तेजस्वी), नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. उजळला की दुसऱ्या प्रतीच्या आसपास जातो, तेव्हा जागा माहीत असलेली मुलंच तो आधी ओळखतील.