‘फाइन’ म्हणजे दंड, उत्तम की बारीक?

प्रश्न:
इंग्रजी मजकुराचे भाषांतर करताना ‘फाइन’ हा शब्द मला वारंवार अडवतो. नियम मोडल्यावर भरायचा तो फाइन, उत्कृष्ट कारागिरी फाइन आणि बारीक वाळूही फाइनच. हे वेगवेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसतात, की त्यांचे मूळ एकच आहे? कोणत्या अर्थासाठी कोणता इंग्रजी पर्याय योग्य ठरेल, हेही कोणी सांगावे.

प्रतिसाद १:
मूळ एकच आहे. लॅटिनमधील ‘फिनिस’ म्हणजे शेवट, आणि तो जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. वाद मिटवण्यासाठी, म्हणजे त्याचा शेवट करण्यासाठी, जी रक्कम दिली जाई तिला फाइन म्हणत. पुढे तो शब्द मुख्यतः शिक्षेच्या रकमेसाठी रूढ झाला. दुसरीकडे, जे काम शेवटास गेले, ज्यावर आणखी हात फिरवण्याजोगे काही उरले नाही, ते उत्तम. तिथूनच शुद्ध, नाजूक, बारीक हे अर्थ फुटले. ‘फिनिश’, ‘फायनल’ आणि ‘रिफाइन’ याच कुळातले. ‘फायनान्स’सुद्धा त्यातलाच, कारण देणे चुकते करणे हा त्याचा जुना अर्थ.

प्रतिसाद २:
दंडासाठी ‘पेनल्टी’ चालेल, मात्र तो व्यापक आहे: खेळातल्या पेनल्टीत पैशांचा संबंध असेलच असे नाही, फाइनमध्ये तो असतोच. बारीक भेदासाठी ‘सटल’, नाजूक विणीसाठी ‘डेलिकेट’ घ्यावा. सोन्याच्या बाबतीत अर्थ शुद्ध असा होतो. ९९९ फाइननेस म्हणजे हजार भागांत ९९९ भाग सोने. मराठीत मात्र एकाच शब्दावर भागवू नये, कापड तलम असते आणि पूड वस्त्रगाळ.

प्रतिसाद ३:
खरी मेख स्तुतीत आहे. ‘अ फाइन रायटर’ ही भरघोस प्रशंसा, परंतु ‘द आर्टिकल इज फाइन’ म्हणजे लेख ठीक आहे, चालून जाईल. तिथे ‘एक्सलंट’ लिहिल्यास लेखकाला न मिळालेली शाबासकी आपण देऊन बसतो. आणि वादात कोणी नुसतेच ‘फाइन!’ म्हणाले, तर त्याचे मराठी ‘बरं, कर तुझ्या मनासारखं!’ असेच होईल.

प्रश्नकर्ता:
म्हणजे नामाआधी आला तर स्तुती आणि ‘इज’नंतर आला तर जेमतेम, असा नियम धरावा का?

प्रतिसाद ३:
ढोबळ मानाने धरा, पण हवामानाला तो लागू नाही. ‘द वेदर इज फाइन’ म्हणजे बहुधा आकाश स्वच्छ आहे.