भाचीला शिकवणीच्या सरांचे मेसेज येतात, तक्रार द्यायची आहे पण कन्नड येत नाही

खानापूरची आत्या
नमस्कार मंडळी. माझी भाची १३ वर्षांची, आठवीत. आमच्या गावात रेंज मिळते ती फक्त माळ्यावरच्या खिडकीत. रात्री ती तिथंच मोबाईल घेऊन बसायची, शिकवणीचा ग्रुप आहे म्हणून कुणी काही बोललं नाही.

परवा मी भाकऱ्या थापत होते, ती चुलीजवळ काटक्या मोडत बसली होती. मोडलेलीच काटकी परत मोडत म्हणाली, "आत्या, सर रात्री मेसेज करतात. फोटो पाठव म्हणतात. गणवेशातला नको म्हणतात." तव्यावरची भाकरी करपली तरी मला हात हलवता येईना. मोबाईल बघितला तर दोन महिन्यांचे मेसेज. आधी "तू सगळ्यांत हुशार", मग रिचार्ज मारून दिला, मग "आपलं बोलणं घरी सांगू नकोस". फोटो तिनं पाठवलेला नाही.

दादा गोव्याला कामाला. वैनी नुसती रडते. आबा म्हणतात शिकवणी बंद करा, विषय संपला, पोरीचं नाव खराब होईल. पण त्या शिकवणीला गावातल्या अजून ११ मुली जातात! मला गप्प बसवत नाही. भीती एकच, पोलीस ठाण्यात सगळं कन्नडमध्ये लिहिणार. आम्ही सांगितलं एक आणि कागदावर आलं दुसरं, तर? सही तर आमचीच असणार.

वकील, बेळगाव
ताई, सरांना जाब विचारायला जाऊ नका. तो सावध होईल आणि त्याच्याकडचं सगळं पुसून टाकेल. मेसेज डिलीट करू नका. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढा.

भाषेची भीती खरी आहे, माझ्याकडे येणारी निम्मी माणसं तेच म्हणतात. पण मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा आहे, त्यात कलम १९ मध्येच लिहिलंय की मुलाला न कळणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषी द्यायचा. तो मागून घ्या. मराठीत समजावून सांगितल्याशिवाय सही करू नका. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

मुलीला ठाण्याची पायरी चढायला लागत नाही. कलम २४ प्रमाणे जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला फौजदारानं आणि गणवेश न घालता. तिचं नाव पेपरात छापता येत नाही, हे आबांना नक्की सांगा. फोटो गेला नाही म्हणजे गुन्हा झाला नाही, असंही नाही. वाईट हेतूनं मुलीला सारखे मेसेज करणं हाच गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. आणि मोठ्या माणसांनी माहीत असून न कळवणं हाही गुन्हाच.

निपाणीची मुलगी
आत्या, मी नववीत असताना माझ्यासोबत असंच झालं. आईनं पहिला प्रश्न विचारला, "तू त्याला उत्तर का दिलंस?" मग मी पुढचं काही सांगितलंच नाही, तीन वर्षं. तुमच्या भाचीला तो प्रश्न कुणालाच विचारू देऊ नका. मोबाईल ठेवून घ्यायचा तर पुरावा म्हणून घेतोय असं सांगा, नाहीतर तिला ती शिक्षा वाटेल.

अंगणवाडी सेविका
१०९८ लावा, मुलांसाठीची हेल्पलाईन आहे. फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो.

खानापूरची आत्या
माळ्यावरच्या खिडकीत उभं राहून काल १०९८ लावला. भाची शेजारी होती, माझ्या पदराचं टोक धरून. मी मराठीतच बोलले, पलीकडच्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. दादा शनिवारी येतोय, तो आला की तक्रार द्यायची. तोवर कुठल्याच घरी जाऊन मी काही बोलणार नाही. बाकीच्या ११ जणींचं काय, ते पहिल्याच दिवशी पोलिसांना विचारणार आहे.

आबा माझ्याशी अजून बोलत नाहीत. पण आज सकाळी काठी घेऊन तिच्यासोबत शाळेपर्यंत गेले.