मदत हवी आहे: अल-अनॉनच्या मीटिंगला परत जायचंय

नमस्कार. माझा मुलगा 24 वर्षांचा. 2019 मध्ये त्याचं पिणं हाताबाहेर गेलं, तेव्हा मी पुण्यात अल-अनॉनच्या मराठी मीटिंगला जायचे. दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीचा गट. फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही. ‘हे तुमच्यामुळे झालेलं नाही’ हे तिथंच पहिल्यांदा ऐकलं आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी झोप लागली.

कोविडमध्ये जाणं सुटलं. तोही सावरला होता. दिवाळीपासून पुन्हा सुरू झालंय. तिथल्या ताईंचा जुना नंबर लागत नाही.

कोथरूड किंवा सिंहगड रोडला संध्याकाळची मराठी मीटिंग कुठे भरते? इतक्या वर्षांनी असंच गेलं तर चालतं ना? मिस्टरांनाही आणायचंय, ते याबद्दल अजून कुणाशीच बोललेले नाहीत.