कुरुंदकर अर्धे वाचून कळत नाहीत
विचारवंत आणि लेखक नरहर कुरुंदकर हे पुरोगाम्यांच्या गोटात बसलेले हिंदुत्ववादी होते असे एक मत त्यांच्यावरच्या चर्चेत इथे आले आणि ते हिंदूद्वेष्टे होते असे दुसरे. ही दोन्ही मते एकाच पुस्तकातून निघू शकतात. त्यांच्या ‘शिवरात्र’ या लेखसंग्रहात संघाचे सरसंघचालक राहिलेल्या गोळवलकर गुरुजींच्या विचारांची कठोर चिकित्सा आहे आणि मुस्लिम राजकारणाचीही; आमच्या नांदेड-परभणीकडे मात्र बहुतेक जण आपल्याला सोयीचा तेवढाच लेख सांगतात. १९३२ साली मराठवाड्यात जन्मलेल्या या माणसाने हैदराबादच्या निजामाची राजवट आणि रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचा, काळ कोवळ्या वयात पाहिला होता, त्यामुळे धर्म आणि राजसत्ता एकत्र आल्या की काय होते हा त्यांच्यासाठी नुसता पुस्तकी प्रश्न नव्हता. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंना त्यांनी साथ दिली, आणि मनुस्मृतीवर बोलताना हिंदू परंपरेलाही सवलत दिली नाही. त्यांच्या इस्लामविषयक मांडणीत काही ठिकाणी सबंध समाजाबद्दल सरसकट विधाने येतात, हा आक्षेप मला रास्त वाटतो आणि त्यावर जरूर भांडावे. मात्र हिंदूद्वेष्टे म्हणणाऱ्यांनी निदान रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ या शिवाजी महाराजांवरील कादंबरीची त्यांची प्रस्तावना वाचावी, जिथे महाराजांचे मोठेपण ते चमत्कारांत न शोधता इतिहासाच्या पुराव्यांत शोधतात.