बोक्याला मधुमेह निघालाय: इन्सुलिन आणि घरच्या घरी शुगर तपासण्याबद्दल सल्ला हवा

गुंड्याची_ताई, डोंबिवली
नमस्कार मंडळी. आमचा गुंड्या, वय ११, नसबंदी झालेला. साडेसहा किलोचा होता, आता जेमतेम पाच. पाण्याच्या वाटीवरून हलत नाही, लिटरमध्ये (शी-शूच्या वाळूत) लघवीचे भाकरीएवढे गोळे निघतात, खातो भरपूर आणि तरी पाठीचा कणा हाताला लागतो. गेल्या आठवड्यापासून मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालायला लागला, तेव्हा धाबं दणाणलं. रक्त-लघवी तपासून डॉक्टरांनी मधुमेह सांगितलाय. ग्लार्जिन इन्सुलिन, १ युनिट, दर १२ तासांनी.

दवाखान्यात शुगर ३८० आली. घरी आल्यावर बाबांच्या ग्लुकोमीटरवर २४०. यातला खरा आकडा कोणता? कानाला टोचायचं तंत्र कुणी नीट सांगेल का? केमिस्टने लाल टोपणाच्या सिरिंज दिल्यात, त्या चालतील ना? शिवाय गणपतीत चार दिवस गावी जायचंय, त्याचं काय करू तेही सुचत नाहीये. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

खवट_केमिस्ट
ताई, बाकी सगळं नंतर. लाल टोपणाच्या सिरिंज आधी बाजूला ठेवा.

लाल टोपण म्हणजे ४० युनिट प्रति मिलीच्या इन्सुलिनची सिरिंज. आपल्याकडे माणसांच्या बऱ्याच बाटल्या त्या ताकदीच्या असतात, म्हणून काउंटरवर नुसतं "इन्सुलिनची सिरिंज" म्हटलं की तीच हातात पडते. तुमचं ग्लार्जिन १०० युनिट प्रति मिलीचं आहे. लाल सिरिंजमध्ये ते एका रेघेपर्यंत भरलंत तर आत जाणार अडीच युनिट. १ युनिटवर असलेल्या बोक्याला अडीच! केशरी टोपणाची, १०० ची सिरिंज मागा. त्यातही ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली मिळाली तर उत्तम, कारण मांजरांचे डोस अर्ध्या-पाव युनिटनेच हलतात. दुकानात नसेल तर मागवून घ्या.

मांजरांसाठीची काही इन्सुलिनं मात्र ४० चीच असतात, त्यांना लाल सिरिंजच लागते. म्हणून दर नव्या खरेदीला बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून बघा.

खर्चाचंही सांगतो. रोज २ युनिट म्हणजे महिन्याला ६०. १० मिलीच्या बाटलीत १००० युनिट असतात, बरंचसं वाया जाईल. इन्सुलिन-पेनमध्ये बसणारं ३ मिलीचं कार्ट्रिज घेतलं तर ३०० युनिट. डॉक्टरांना विचारून कार्ट्रिजमधूनच सिरिंजने काढता येतं, फक्त आत हवा सोडायची नाही आणि ते कार्ट्रिज परत पेनमध्ये घालायचं नाही. ग्लार्जिन हलवून घुसळू नका, कशात मिसळू नका, फ्रीझरजवळ ठेवू नका.

माऊची_आजी, नाशिक
कानाचं मी सांगते गं. कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते, उजेडासमोर धरलास की दिसेल. टोचायचं ते शीर आणि कड यांच्या मधल्या पट्टीत, शिरेत नाही. आधी कान गरम हवा. स्वच्छ मोज्यात तांदूळ भरून किंचित गरम करायचा, स्वतःच्या मनगटावर लावून बघायचा आणि मग कानाला धरायचा. थंड कानातून थेंब येतच नाही, आणि मग माणसं चार वेळा टोचतात. टोचण्याच्या जागी व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरव, म्हणजे रक्त केसांत पसरत नाही, गोल थेंब उभा राहतो. कानामागे कापसाची घडी धर, नाहीतर सुई आरपार तुझ्याच बोटात. थेंब आला की मीटरच्या पट्टीचं टोक थेंबाला लाव, ती आपोआप ओढून घेते. नंतर कापूस थोडा वेळ दाबून ठेव, म्हणजे काळंनिळं होत नाही. सुरुवातीला लॅन्सेट (टोचायची सुई) फार बारीक घेऊ नकोस.

आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. आमची माऊ आता मीटरचा डबा उघडल्याचा आवाज आला की स्वतःच येऊन बसते. लाचखोर आहे.

पेशंट_वाचक
इतकं टोचायचं त्या मुक्या जिवाला? महिन्यातून एकदा दवाखान्यात नेऊन तपासलं तर पुरेसं नाही का? आणि मेथीचं पाणी किंवा कारल्याचा रस...

माऊची_आजी, नाशिक
कारल्याचा रस मांजराला पाजून दाखवणाऱ्याला माझ्यातर्फे नारळ!

विदर्भी_व्हेट
मी पशुवैद्य आहे, पण गुंड्याला पाहिलेलं नाही. डोस तुमच्या डॉक्टरांच्याच सल्ल्याने.

दोन्ही आकडे त्या त्या जागी खरे असू शकतात. मांजर पिंजऱ्यातून, रिक्षातून, कुत्र्यांच्या भुंकण्यातून दवाखान्यात येतं, तेव्हा नुसत्या ताणाने शुगर चढते. निरोगी मांजरातही ती ३०० च्या पुढे गेलेली दिसते. म्हणून एकट्या दवाखान्याच्या आकड्यावर डोस वाढवणं धोक्याचं, आणि घरच्या तपासणीला पर्याय नाही. दुसरं कारण मीटरचं. माणसाच्या रक्तात साधारण चाळीस टक्के ग्लुकोज पेशींमध्ये असतं, मांजराच्या रक्तात जवळजवळ सगळं प्लाझ्मात, म्हणजे पेशींबाहेरच्या द्रवात. त्यामुळे माणसांचं मीटर मांजराची शुगर बहुधा कमी दाखवतं. प्राण्यांचं मीटर मिळालं तर घ्या (अल्फाट्रॅक नावाचं घेतलंत तर त्यात मांजराचंच सेटिंग निवडा). नाही मिळालं तर बाबांचंही चालेल, पण कायम तेच वापरा आणि आकडा कुठल्या मीटरचा ते डॉक्टरांना सांगा.

रोज सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनआधी एक तपासणी. सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी, पुढच्या इंजेक्शनपर्यंत. यात सगळ्यात खालचा आकडा किती आणि कधी येतो ते महत्त्वाचं, कारण डोस त्यावर ठरतो. साधारण ८० ते १५० च्या दरम्यान तो यावा, असं आम्ही बघतो. एका दिवशी ३५० दिसलं म्हणून डोस वाढवायचा नाही. ग्लार्जिनचा परिणाम स्थिरावायला पाच-सात दिवस द्यावे लागतात. मालक रोज आकड्यामागे धावायला लागले की बिघडतं.

इंजेक्शनआधीचा आकडा २०० च्या खाली असेल तर सध्या न टोचता आधी डॉक्टरांना फोन. औषध केसांत सांडलं, किती आत गेलं कळेना, तरी दुसऱ्यांदा टोचायचं नाही. पुढची वेळ येऊ द्या. जेवला नाही, उलटी झाली तर नेहमीचा डोस देण्याआधी विचारा. न खाणं, उलट्या आणि मरगळ एकत्र दिसली तर कीटोनचा (इन्सुलिन कमी पडून रक्तात साचणाऱ्या आम्लांचा) धोका असतो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मीटर ६० च्या खाली गेलं, झोकांड्या खायला लागला, नजर हरवली, तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी हिरड्यांना चोळा. आकडी आली असेल तर तोंडात काही ओतू नका. मग ताबडतोब डॉक्टर.

आधी कुणी त्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं का? खाजेसाठी वगैरे?

गुंड्याची_ताई, डोंबिवली
हो! मार्चमध्ये खाजेसाठी दिलं होतं. सिरिंज बदलून आणल्या, अजून एकही टोचली नव्हती. काका, तुमचे फार उपकार. आजी, मोजा हिट झाला. खाण्यात काय बदलू? सध्या कोरडं खाणं आणि रात्री मासे-भात.

विदर्भी_व्हेट
स्टेरॉइडचं डॉक्टरांना नक्की सांगा, त्याने मांजरात मधुमेह उद्भवू शकतो. चांगली बाजू अशी की लवकर ताबा मिळाला तर काही मांजरांना पुढे इन्सुलिन लागतही नाही.

भात बंद. ओलं, भरपूर प्रथिनांचं, कमी पिष्टाचं खाणं. पाउच घेताना ग्रेव्हीवाल्यापेक्षा पॅटे (मऊ लगद्यासारखं), कारण ग्रेव्ही बऱ्याचदा स्टार्चने घट्ट केलेली असते. नुसत्या उकडलेल्या चिकनवर ठेवू नका, कॅल्शियम कमी पडतं. आणि बदल डॉक्टरांना सांगून, हळूहळू. भात-कोरडं काढलं की शुगर भराभर उतरते, मग जुनाच डोस जास्त ठरतो.

बंगळुरूचा_बंड्या
आम्ही माणसांचा लिब्रे सेन्सर (अंगाला चिकटून सतत शुगर मोजणारा) खांद्याजवळचे केस काढून लावला होता. १४ दिवसांचा असतो, मांजरांवर बरेचदा आधीच निघतो. पण दर दोन तासांच्या टोचण्या वाचतात. मांजर त्यावरच झोपलं की खोटा खालचा आकडा येतो, तेव्हा कानाचा थेंब घेऊन खात्री करायची.

माऊची_आजी, नाशिक
गणपतीचं म्हणशील तर त्याला गावी नेऊ नकोस. ढोलताशे, नवं घर, पाहुण्यांची पोरं, आणि कुणीतरी मोदक भरवणार. टोचता येणारं माणूस आत्ताच शोध. तुझ्या डॉक्टरांकडचे कंपाउंडर घरी येतात का विचार. आमच्याकडे तसेच येतात. निघायच्या आधी दोन-तीनदा तुझ्यासमोर त्यांच्या हातून करून घे. मधाची बाटली आणि डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर.