मदत हवी आहे: फक्त रात्रपाळीत वेल्डमध्ये ब्लो होल (गॅसची मोठी भोकं) का येतात?

चाकणला एका शॉपमध्ये थर्ड शिफ्टला सीओटू वेल्डिंग (वितळत्या धातूला हवा लागू नये म्हणून नोझलमधून सीओटू गॅस सोडतात ते) करतो. ६ मिमी एमएस (साधं पोलाद) प्लेट, फिलेट (कोपऱ्यातला) जॉइंट, वायर १.२ मिमी, फ्लो मीटरवर गॅस मिनिटाला १५ लिटर.

रात्री अडीच-तीनपर्यंत बीड (वेल्डची रेघ) स्वच्छ येते. त्यानंतर पिन होल (बारीक छिद्रं) सुरू होतात, पहाटे तर सरळ ब्लो होल. त्याच मशीनवर, त्याच सेटिंगला फर्स्ट शिफ्टवाल्याचा जॉब ओके जातो, त्यामुळे सगळे माझ्या हाताकडे बोट दाखवतात. हात तोच असतो हो, बारा वाजताही!

नोझल आणि डिफ्यूझर (नोझलमध्ये गॅस पसरवणारा भाग) बदलले, सिलिंडर बदलून पाहिला. होजच्या जोडांना साबणाचं पाणी लावलं, लीक नाही. पेडेस्टल फॅन बंद ठेवला (घामाने निथळलो, फरक शून्य). प्लेट ग्राइंडरने घासूनच घेतो, तेल-गंज नसतो. वायरचा स्पूल मात्र उघडाच असतो.

एक गोष्ट खटकते. पहाटे रेग्युलेटरवर पांढरा बर्फ धरलेला दिसतो. गॅस गरम करणाऱ्या हीटरची वायर जोडलेली आहे, पण हीटरला हात लावला तर गरम लागत नाही. फ्लो मीटरमधली गोळी (गॅसचा फ्लो दाखवणारी) मात्र १५ वरच असते.

मेंटेनन्सवाले फक्त दिवसा येतात, तोवर बर्फ गेलेला असतो. नोझलवर फ्लो मोजायचं साधन आमच्याकडे नाही, आणि फोर्कलिफ्टमुळे शटर बंद करता येत नाही.

गोळी १५ दाखवत असतानाही बर्फामुळे नोझलला गॅस कमी पडू शकतो का? आणि दोष हीटरचा की शटरमधून येणाऱ्या वाऱ्याचा, हे रात्रीच्या रात्री कसं ओळखायचं?